भात सोडला, तरी साखर तिथेच

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून ४८ वर्षांच्या वाचक लिहितात:

फेब्रुवारीत तपासणी केली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, खाणं सांभाळा आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. मुंबईच्या बहिणीने फोनवर सांगितलं, पांढरं सगळं बंद कर. त्या दिवसापासून भाताला हात लावलेला नाही. सकाळी तीन घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी), दुपारी नाचणीच्या तीन भाकऱ्या, रात्री दोन चपात्या आणि झोपण्याआधी नाचणी सत्त्वाची गूळ घातलेली पेज. संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटं. चहा दिवसातून तीनदा, तोही साखर बंद करून दोन-दोन चमचे गुळाचा. दारात हापूस आहे, पण यंदा चव पाहिली नाही. एवढं करून मेमध्ये ६.३. यजमान बागेत राबतात, त्यांना भातच लागतो, म्हणून दोन स्वयंपाक होतात. सासूबाई रोज ऐकवतात, “भाताशिवाय जेवाण कसला?” आता नाचणीही सोडू का? ओट्स, किनोवा मागवू का? नेमकं कुठलं धान्य खाऊ?

ताई, आधी त्या ६.२ आणि ६.३चं बघू. एकच रक्त दोनदा तपासलं तरी एवढा फरक येऊ शकतो, त्यामुळे साखर वाढली असं काही म्हणता येत नाही. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी आणि तुम्ही त्याच पायरीवर आहात. पण तीन महिने जिभेला लगाम घालून आकडा हलला नाही, याचा राग येणं स्वाभाविक आहे. आणखी एक, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे ते पत्रात नाही. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. पुढच्या खेपेला रक्त देताना उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिन दोन्ही बघायला सांगा.

आता भात सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर तुम्ही काय खात होतात, ते तराजूत घालू. आपल्याकडची साधी आमटीची वाटी भाताने भरली की त्यात १३० ग्रॅमच्या आसपास शिजलेला भात बसतो. तो साधारण ४५ ग्रॅम तांदळाचा आणि त्यात कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर मिळून, ३५ ग्रॅम. पूर्वी किती भात खात होतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुपारी दीड आणि रात्री एक वाटी धरली, तर भाताची कर्बोदकं ८८ ग्रॅमच्या आसपास होतात. आता नाचणीची भाकरी घ्या. हाताएवढी, नेहमीच्या जाडीची एक भाकरी ५० ग्रॅम पिठाची असते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदकं ६७ ग्रॅमच्या घरात, म्हणजे तीन भाकऱ्यांत १००. रात्रीच्या दोन चपात्यांत ४०, सत्त्वाच्या पेजेत २०, पेजेतल्या गुळाचे आणखी दहाएक. बेरीज १७० होते. भात गेला आणि त्याच्या जागी जवळजवळ दुप्पट कर्बोदकं आली.

यात तुमचा आळस नाही की जीभ सैल सुटलेली नाही. “हे धान्य वाईट, ते चांगलं” असं एकदा डोक्यात बसलं की चांगल्या धान्याची भाकरी कुणी मोजत नाही. भाताची वाटी मात्र सगळे मोजतात.

नाचणीचे गुण खोटे नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत तंतू ११ ग्रॅम, पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत. कॅल्शियम ३६० मिलिग्रॅमच्या वर, तांदळात दहाच्या आत. तुमच्या वयाला हाडांसाठी नाचणी ताटात हवीच. दाणा इतका बारीक की त्याचा कोंडा वेगळा काढणं अवघड, म्हणून घरी दळलेलं नाचणीचं पीठ आपोआप सबंध धान्याचं असतं. पण पिष्ट ते पिष्टच. ते पोटात किती वेगाने साखर होतं, हे धान्याच्या नावापेक्षा तीन गोष्टींवर ठरतं: किती बारीक दळलं, किती मऊ शिजवलं आणि ताटात सोबतीला काय होतं.

या कसोटीवर तुमचं सत्त्व पहिल्यांदा बाद होतं. सत्त्व कसं होतं ते तुम्ही जाणताच: नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड येताना दाण्यातलं पिष्ट फुटून त्याची साखर व्हायला सुरुवात होते, म्हणून सत्त्व गोडसर लागतं. वस्त्रात मागे राहतो तो चोथा, म्हणजे आपल्याला हवे असलेले तंतू नेमके फेकले जातात. दात न आलेल्या बाळाला पचावं म्हणून हा सगळा खटाटोप. ज्या गुणामुळे ते बाळाला चांगलं, त्याच गुणामुळे ते तुम्हाला नको, आणि झोपण्याआधी गुळातून तर अजिबातच नको. बाजारातली ‘नाचणी माल्ट’ची पाकिटं याहून वाईट. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर पहिल्या किंवा दुसऱ्या नंबरावर दिसली तर पाकीट तिथेच ठेवा. ‘मल्टिग्रेन’ पिठालाही हेच लावा. बहुतेकांत पहिला घटक गहू असतो आणि बाकीची धान्यं चिमूट-चिमूट.

गुळाचंही तसंच. दोन चमचे म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, तीन चहांचे ३०. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारविषयक सूचनांत वरून घातलेली साखर दिवसाला २५-३० ग्रॅमच्या आत ठेवा म्हटलंय, आणि ती निरोग्या माणसासाठी. गूळ, मध, काकवी, माडाचा गूळ, सगळे त्याच माळेचे मणी. रंगाने रक्ताला फरक पडत नाही. दर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करा. एकदम बंद केलात तर चौथ्या दिवशी परत दोन चमचे होतील. आणि उन्हात पाहुण्यांसोबत घेतलेलं कोकम सरबतही मोजा. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. त्याऐवजी मीठ घातलेलं आगळ (कोकमाचा रस) पाण्यात, नाहीतर आमसुलाची सोलकढी.

आता भाताकडे परत येऊ, कारण तुम्हाला तो परत मिळायला हवा.

तुमच्या भागात उकडा तांदूळ अजून मिळतो, ही मोठी सोय आहे. भात सालासकट भिजवून उकडतात तेव्हा कोंड्याजवळची ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत उतरतात. वाळताना पिष्टाची घडी पुन्हा घट्ट बसते, त्यामुळे असा दाणा शिजायला वेळ घेतो आणि साधारणपणे पोटात पचायलाही जास्त वेळ घेतो. लालसर साल थोडी राहिली असेल तर आणखी बरं. गिरणीवर स्वतःचं भात नेत असाल तर पॉलिश कमी करायला सांगा. दुकानातून घेताना दाणा मुठीत घेऊन बघा, लाल रेघा दिसल्या पाहिजेत. पांढराशुभ्र उकडाही मिळतो. त्याचा कोंडा गेलेला असतो, तरी साध्या पांढऱ्यापेक्षा तो बरा.

शिजवताना मात्र घाई नडते. कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या काढून दाणा फुटेपर्यंत शिजवलात, तर उकडा घेण्याचा निम्मा फायदा तिथेच जातो. अर्धा तास भिजवा, चौपट-पाचपट पाणी उकळवून टोपात सोडा, मंद आचेवर ३५-४० मिनिटं ठेवा. दाणा बोटात चेपून मऊ, पण अख्खा राहिला की निवळून काढा. निवळलेल्या पाण्यात पिष्ट असतंच, तेव्हा ते मीठ घालून पिताना फुकट समजू नका. सकाळची पेज करायची तर अर्ध्या वाटी भाताएवढे दाणे आणि वर पाणी, हे प्रमाण धरा. पोट भरतं आणि पिष्ट कमी जातं. बरोबर सुका बांगडा भाजून किंवा काळ्या वाटाण्याची उसळ हवी. लोणच्याच्या फोडीवर पेज प्यायलात तर अकरा वाजता बिस्किटाचा डबा उघडणारच.

शिळ्या भाताबद्दल खूप फिरतं हल्ली. शिजलेला भात थंड झाला की त्यातलं थोडं पिष्ट पचेनासं होतं, हे खरं. पण फायदा थोडा आहे, चमत्कार नाही. आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत भात रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं. त्यात वाढणाऱ्या जंतूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ठेवायचाच तर तासाभरात फ्रिजमध्ये.

भाकरी आणि घावण्यांबाबत एक गैरसमज आहे, की भात जड आणि घावणे हलके. तांदूळ दळून पातळ केला की पचनाचं निम्मं काम चक्कीनेच केलेलं असतं. त्यामुळे तांदळाची भाकरी, घावणे, शिरवळ्या (तांदळाच्या शेवया) हे अख्ख्या दाण्याच्या भातापेक्षा झटकन साखर होणारे प्रकार. तीन घावण्यांत ९० ग्रॅम तांदूळ जातो, म्हणजे दोन वाट्या भात. तोही न्याहारीला, आणि तुमच्या पत्रात घावण्यांसोबत चहाशिवाय दुसरं काही दिसत नाही. घावण्यांऐवजी आंबोळ्या करा आणि त्यांचं माप बदला: तीनला एक उडीद घालत असाल तर दोनला एक घाला, आणि तांदळातला निम्मा भाग नाचणीचा करा. दोन आंबोळ्या, वर अंडं किंवा उसळ. पीठ आंबलं की नेहमीसारखंच फुलतं, फक्त रंग काळपट येतो. घरच्यांनी नाक मुरडू नये म्हणून पहिल्या वेळी नाचणी पाव भागच घाला.

नाचणीची भाकरी ठेवा, पण लहान. ४० ग्रॅम पिठाची एक, रात्री एक किंवा दीड. एकदा पीठ तोलून बघा, स्वयंपाकघरात तराजू नसेल तर वाण्याकडून ४० ग्रॅमची पुडी बांधून आणा आणि ते कुठल्या वाटीत किती येतं ते डोळ्यात साठवा. भाकरी चिरा पडते म्हणून लोक त्यात तांदळाचं पीठ मिसळत जातात आणि महिन्याभरात ती निम्मी तांदळाची होते. चिरा पडतात त्या पाणी खळखळ उकळलं नसल्याने. एक वाटी पाण्याला उकळी फुटली की मीठ आणि वाटीभर पीठ एकदम घाला, गॅस बंद, झाकण पाच मिनिटं, मग सोसेल तितक्या गरम असतानाच मळा. चिकटपणा नसलेल्या पिठाला ती उकडच धरून ठेवते. तांदळाऐवजी उडदाचं पीठ मूठभर मिसळलंत तर भाकरी मऊही राहते.

दुपारी एक वाटी उकड्या तांदळाचा भात. सपाट वाटी, शीग लावून नाही. मग पोट कशाने भरायचं? आपल्या किनाऱ्यावरच्या ताटाची खरी गोम ही आहे. भाताचा डोंगर, त्यावर सार, कडेला माशाची एक तुकडी आणि भाजी चमचाभर. त्यात पुन्हा ती भाजी बटाट्याची असली की तीही भातातच जमा. त्याच २०२४च्या सूचनांत २००० कॅलरींच्या नमुन्याच्या आहाराला रोज ४०० ग्रॅम भाजी, ८५ ग्रॅम कडधान्य-डाळ आणि सगळं मिळून २५० ग्रॅम धान्य धरलं आहे. तुमची घावणे-भाकरी-चपाती-सत्त्वाची बेरीज बिस्किटं सोडून ३३० ग्रॅम होते. आणि राब यजमानांचा आहे, तुमचा तेवढा नाही.

तेव्हा अर्धं ताट भाजीचं करा. दोन वाट्या, त्यातली एक पाल्याची. आता फणसाच्या कुयरीची भाजी आहे, शेवग्याचा पाला आहे. पाऊस लागला की टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी, अळू दाराशी येतात. ओलं खोबरं घाला, साखरेच्या दृष्टीने त्याची भीती नाही, पण भाजीला मूठभर म्हणजे दोघांना मूठभर, एकट्याला नाही. चतुर्थांश ताट मासे किंवा कुळीथ, मूग, काळे वाटाणे, चवळी. १०० ग्रॅम बांगड्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. कुळथाची पिठी पौष्टिक म्हणून सगळे सांगतात, पण दोन चमचे पीठ दोन पेले पाण्यात कालवलं तर माणशी दोन-तीन ग्रॅम प्रथिनं पदरात पडतात. पिठी ही भात घशाखाली उतरवायची सोय झाली. प्रथिनांसाठी मोडाच्या कुळथाची उसळ हवी: माणशी ३० ग्रॅम कोरडे कुळीथ, बारा तास भिजवून दिवसभर फडक्यात. खडे आधी निवडा. पावसात वास धरतात, तेव्हा फडकं मध्ये एकदा बदला. मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, जवळा चालेल, पण मीठ धुऊन.

आधी भाजी आणि निम्मा मासा खा, मग भात कालवा. कर्बोदकं शेवटी गेली की जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे आणि याला पैसा लागत नाही. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, विहिरीपर्यंत नाहीतर खळ्यातल्या खळ्यात. पोट साफ होण्याची तक्रार सुरू झाली तर पाणी वाढवा. तंतू वाढवून पाणी तेवढंच ठेवलं की असं होतं. उसळीने गॅस होत असेल तर एक दिवसाआड सुरुवात करा.

ओट्स आणि किनोवा मागवू नका. वाईट आहेत म्हणून नाही. तुमच्या घरात ते तुम्ही एकट्याच खाणार, म्हणजे तिसरा स्वयंपाक. भाताचा टोप एकच ठेवा. त्याच टोपातून यजमानांना तीन वाट्या, तुम्हाला एक. बागेत दिवसभर फावडं मारणाऱ्याच्या तीन वाट्या जिरतात. तीनदा पोट भरून खायची सवय असेल तर पहिला आठवडा जड जाईल. वजन भराभर उतरायला लागलं किंवा थकवा आला, तर अर्धी वाटी भात वाढवा.

उपवासाचं लिहिलं नाहीत, पण संकष्टी असेलच. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्या दिवशी वरी अर्धी-पाऊण वाटी शिजलेली, सोबत दाण्याची दाट आमटी, दही, काकडी. रताळं, सुरण उकडून घेतलंत तर वरी वगळा. आठळ्याही (फणसाच्या बिया) या हिशेबात धरा. भाजीत घातल्या तरी त्या धान्याच्याच खात्यावर.

हापूस खा. मध्यम फळात गर १५० ग्रॅमच्या आसपास, त्यात कर्बोदकं २२ ग्रॅम, म्हणजे पाऊण वाटीहून थोडा कमी भात. संध्याकाळच्या बिस्किटांऐवजी अर्धा आंबा कापून, किंवा दुपारचा अर्धी वाटी भात कमी करून. चार मारी बिस्किटांत आणि अर्ध्याहून थोड्या जास्त आंब्यात कर्बोदकं जवळपास सारखीच, शिवाय बिस्किटात मैदा. रस मात्र नको: वाटीभर रसात दोन-तीन आंबे कधी जातात कळत नाही, वर साखर, बरोबर पुऱ्या. फणसाचे गरे चार-पाच, आणि तेही आंबा नसेल त्या दिवशी.

एवढ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही, स्वतः पडताळा. ग्लुकोमीटर मिळाला तर एक दिवस तीन भाकऱ्यांचं जेवण, दुसऱ्या दिवशी वर सांगितलेलं ताट. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. दोन तासांनी १४०च्या आत राहिलं तर ताट तुम्हाला मानवतंय. बोट साबणाने धुऊन पुसल्याशिवाय टोचू नका. आंबा कापलेल्या हाताने मोजलं तर यंत्र आंब्याची साखर दाखवतं, आणि घरात उगाच रडारड होते.

इतर वाचकांपैकी जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी भात असा परस्पर कमी करू नये. डोस तोच आणि पिष्ट निम्मं झालं की साखर धोकादायक खाली जाते. हात थरथरले, घाम फुटला तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं, आणि डॉक्टरांना फोन. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी कडधान्यं आणि मासे वाढवण्याआधी विचारावं.

ताई, पुढची तपासणी तीन महिन्यांनी, म्हणजे चतुर्थीच्या तोंडावर येईल. ती गणपतीआधी करून घ्या. एचबीए१सीवर शेवटच्या महिन्याचा भार सगळ्यात जास्त असतो, नंतर केलीत तर मोदकांचा हिशेब त्यात धरला जाईल. उकडीचा मध्यम मोदक पाऊण वाटी भाताएवढा पडतो. दोन घेतलेत तर त्या दुपारी भात वाढून घेऊ नका, आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, की मोदकातली उकडही तांदळाचीच आहे.